गडग्याच्या पोटात

तीन दिवस सलग पाऊस पडला आणि चौथ्या दिवशी सकाळी घरामागे गेले तर माझ्या गडग्याला पोट आलं होतं. म्हणजे खरंच पोट, जमिनीपासून फूट-दीड फुटावरचे दगड बाहेर सरकलेले, वरचा भाग अजून सरळ, आणि मधेच फुगलेलं. दुपारपर्यंत तो नऊ फुटांचा भाग खाली बसला. फार आवाज पण झाला नाही, पत्त्यांची थप्पी घसरावी तसं सगळं घसरलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, कारण तो गडगा मी दोन महिने सगळे शनिवार-रविवार घालून स्वतःच्या हाताने रचला होता.

ज्यांना शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी, गडगा म्हणजे चुना, सिमेंट, काही म्हणजे काहीच न वापरता नुसते दगडावर दगड बसवून केलेली भिंत. वजन आणि घासण, या दोनच गोष्टींवर ती उभी असते. माझी एकूण २५ फूट लांब आणि ३ फूट उंच होती, त्यातले ९ फूट गेले.

ओळखीतले एक वयस्कर गवंडी आहेत, आयुष्यभर दगडाचंच काम केलेलं, त्यांना फोन केला. ते आले, बराच वेळ ढिगाऱ्याकडे बघत उभे राहिले, मी म्हटलं काका उद्या माणसं लावून उचलून टाकते हे सगळं, तर म्हणाले, "घाई नको करू. एक एक दगड काढ आणि काढताना बघत जा. पडलेली भिंत सगळं सांगते." मग आम्ही दोघं बसून वरपासून एक एक दगड काढत गेलो आणि त्या तीन-चार तासांत मी जे शिकले ते आधीच्या दोन महिन्यांत शिकले नव्हते. म्हणून हे लिहितेय, कोणीतरी पहिला गडगा रचण्याआधी वाचावं म्हणून.

सगळ्यात आधी दिसलं ते पोट, म्हणजे भिंतीच्या आतलं भरण. गडग्याला दोन तोंडं असतात ना, एक या बाजूचं आणि एक त्या बाजूचं, दोन्हीकडून चांगले दगड लावत जायचं आणि मधे जी पोकळी राहते ती भरायची. मी ती कशाने भरली होती? माती, बारीक खडी, आणि दगड फोडताना पडलेला भुगा. बाहेरून काही कळत नव्हतं, दोन्ही तोंडं मस्त दिसत होती, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. पण माती पाणी पिते, फुगते, मग सुकली की आक्रसते आणि दर वेळी थोडी थोडी खाली बसते, बारीक खडीचं पण तेच, ती पाण्याबरोबर खालच्या फटीत उतरत जाते आणि उतरताना पाचरीसारखी दोन्ही तोंडं बाहेर ढकलते. काकांनी ती ओली माती हातात घेऊन दाबून दाखवली, बोटांमधून बाहेर आली, म्हणाले हेच तुझ्या भिंतीत चाललं होतं.

पोटात दगडच हवेत. मुठीएवढे, अर्ध्या मुठीएवढे, कोनदार, आणि तेही फावड्याने ओतायचे नाहीत, एक एक हाताने बसवायचे. प्रत्येक थर झाला की मधली पोकळी भरायची, मगच पुढचा थर. मोठा दगड मागून हलत असेल तर त्याच्या शेपटाखाली, म्हणजे आत गेलेल्या टोकाखाली, चपटी कपची सारायची, आणि ती आतल्या बाजूने सारायची, बाहेरून कधीच नाही. बाहेरून ठोकलेली पाचर आज घट्ट वाटते पण भिंत थोडी बसली की पहिली तीच निसटते. गोल गुळगुळीत गोटे पोटात नकोत कारण ते एकमेकांना धरत नाहीत, घरंगळतात. मला वाटायचं की भरण म्हणजे उरलेल्याची विल्हेवाट. उलट आहे, भरणाचा दगड निवडायला मला आता तोंडाच्या दगडाएवढाच वेळ लागतो.

दुसरी गोष्ट दिसली ती बघून तर मी गप्पच बसले. माझे लांब दगड सगळे भिंतीच्या लांबीत लावलेले होते. दोन फुटी सुंदर दगड, त्याची लांब सपाट बाजू बाहेर दिसेल असा, कारण त्याने पटकन जागा भरते आणि दिसतं पण छान. पण असा दगड भिंतीच्या आत पाच-सहा इंचच जातो, त्याच्या मागे धरायला काही नाही, म्हणजे ती भिंत नव्हतीच, दोन पातळ पापुद्रे उभे होते आणि मधे चिखल. दगडाची लांबी आत गेली पाहिजे. बाहेर फक्त त्याचं छोटं तोंड दिसतं, शेपूट पोटात. याने भिंत हळू चढते, कारण एवढा मोठा दगड लावून दिसायला आठ इंच जागा भरते, जीव तुटतो अगदी, पण वरच्या थराचं वजन त्या शेपटावर बसलं की तो दगड हलायचं नाव घेत नाही.

यालाच जोडून आरपार दगड, ज्याला काही जण थ्रू स्टोन म्हणतात. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा एकच लांब दगड. तीन फूट उंच भिंतीत साधारण मध्यावर, दीड फुटाच्या आसपास, दर तीन फुटांवर एक तरी हवा. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधणारी गोष्ट म्हणजे हे दगड, दुसरं काही नाही. माझ्या पडलेल्या ९ फुटांत किती होते तर एकही नाही. माझ्या ढिगात तसे लांब दगड होते, पण ते मी पायऱ्यांसाठी म्हणून बाजूला काढून ठेवले होते. काकांनी ते लगेच परत आणायला लावले.

तिसरं, सांधे. दोन दगडांमधला उभा सांधा वरच्या थरातल्या दगडाने झाकला गेला पाहिजे, त्याला सांधेमोड म्हणतात. एक दगड दोघांवर बसला पाहिजे आणि दोघं एकावर. वाचायला एकदम सोप्पं आहे पण काम करताना एखादा दगड असा सापडतो की बरोब्बर त्या खाचेत बसतो, मोह आवरत नाही, आणि त्याचा सांधा खालच्या सांध्याच्या सरळ वर येतो. एकदा चालतं. मग पुढच्या थरात पुन्हा, आणि तीन-चार थर झाले की भिंतीत वरपासून खालपर्यंत एक रेघ तयार होते. माझी भिंत जिथून पडायला लागली आणि जिथे पडायची थांबली, त्या दोन्ही जागी अशी रेघ होती. फोटोत पण आहे ती, आता मोठा करून बघितला तर स्पष्ट दिसते.

पण हे सगळं तर उरलेल्या १६ फुटांत पण होतं ना, मग हेच ९ फूट का पडले? हा प्रश्न मी काकांना विचारला तर त्यांनी फक्त मागे बोट दाखवलं. त्या भागाच्या मागे मी फुलझाडांसाठी माती टाकून वाफा उंच केला होता. जवळपास भिंतीच्या माथ्यापर्यंत. म्हणजे मोकळी उभी राहायला रचलेल्या भिंतीला मी न विचारता माती अडवायच्या कामाला लावलं.

इथे थोडं गणित सांगते कारण मला ते कळल्यावर सगळं उलगडलं. तीन फूट उंचीची मोकळी कोरडी माती भिंतीला दर फूट लांबीमागे साधारण पाऊणशे किलोने ढकलते. त्याच मातीत पाणी साठून वरपर्यंत आलं तर नुसतं पाणीच सव्वाशे किलोने ढकलतं, आणि भिजलेल्या मातीचं राहिलेलं ढकलणं वर वेगळं, म्हणजे एकूण दुपटीच्याही पुढे जातं. बहुतेक माती अडवणाऱ्या भिंतींचा खरा शत्रू माती नसतोच, मागे अडकलेलं पाणी असतं. आता गडग्याची कमाल ही की त्याच्यात फटीच फटी असतात, पाणी आपोआप पाझरून निघून जातं, पण माझ्या गडग्याचं पोट मातीने गच्च भरलेलं. ज्या गोष्टीसाठी गडगा चांगला म्हणतात तीच मी बंद करून टाकली होती.

माती अडवायची असेल तर भिंतीच्या मागे एक-दीड फूट जाडीची खडीची पट्टी हवी, जाड खडी, भुगा नसलेली, आणि खडी आणि मातीच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. पाया रुंद हवा, उंचीच्या निम्म्याहून जास्तच, आणि भिंत मातीकडे झुकलेली हवी. आणि साडेतीन-चार फुटांच्या वर माती अडवायची असेल किंवा वर रस्ता, गाडी, घर असं काही असेल तर कृपा करून स्वतः करू नका, इंजिनिअरला दाखवा. चार फुटांची दगडी भिंत अंगावर येणं म्हणजे काय हे वजनाचा हिशोब केला की कळतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर. भरीव ग्रॅनाइटचा एक घनफूट म्हणजे ७५ किलोच्या आसपास. माझ्या लांबी-उंचीची भिंत खाली २ फूट आणि वर १५ इंच रुंद धरली तर एकूण सव्वाशे घनफुटांच्या जवळ, त्यात पाव हिस्सा फटींचा धरला तरी ७ टन दगड होतो. ७ टन! आणि प्रत्येक दगड एकदाच उचलला जात नाही, गाडीतून उतरवताना, लावून ठेवताना, बसवून बघताना, बसला नाही म्हणून परत खाली. त्यामुळे पाठ वाकवून उचलू नका, गुडघे वाकवा, मोठे दगड उचलायचेच नाहीत, पहारीने सरकवायचे नाहीतर फळीवरून लोटत चढवायचे. जाड तळाचे बूट पाहिजेत. हातोडा-छिन्नी हातात घेतली की डोळ्यांवर संरक्षक चष्मा, इथे दुसरा विचारच नको, कपची कुठे उडेल सांगता येत नाही. हातमोजे मी वापरते पण कपच्या बसवताना काढते, बोटांना दगड हलतोय का ते कळावं लागतं.

पुन्हा रचायला घेतलं तेव्हा पहिला पूर्ण दिवस एकही दगड लावला नाही. नुसते निवडले. सगळ्यात मोठे आणि ओबडधोबड पायासाठी, भिंतीच्या लगेच बाजूला. लांब आरपारचे वेगळे. माथ्याचे वेगळे, ते सगळ्यात लांब ठेवायचे कारण शेवटी लागतात. बाकीचे जाडीप्रमाणे, जाड जवळ, पातळ मागे. भरणाचे दोन्ही बाजूंना ढीग. आणि भिंतीला लागून दोन फूट जागा मोकळी, चालायला, नाहीतर दिवसभर दगडांवरून धडपडत फिरावं लागतं. कंटाळवाणं वाटतं पण दगड बघत बघत हातात घेतले की डोक्यात राहतात, आणि दोन दिवसांनी एखादी विचित्र तिरकी खाच समोर आली की आठवतं अरे तो तसला दगड त्या कोपऱ्यात आहे.

पाया खणताना वरची काळी भुसभुशीत माती पूर्ण काढायची, मुळं-बिळं सगळं, खाली घट्ट जमीन लागेपर्यंत. माझ्याकडे आठ इंचांवर लागली. काँक्रीट ओतलं नाही. गडग्याला ते लागत नाही, कारण जमीन थोडी हलली, कुठे बसली, तर गडगा पण तिच्याबरोबर थोडा बसतो, दगड एकमेकांत आणखी घट्ट होतात. जिथे जमीन गोठते तिथे तर हे फारच महत्त्वाचं, पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के वाढतं आणि जमीन वर उचलते, सिमेंटमधली ताठ भिंत तडकते आणि सुटी भिंत श्वास घेतल्यासारखी वर-खाली होऊन जागेवर येते.

दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्यांचे साचे उभे केले, खाली २ फूट आणि वर १५ इंच असे निमुळते, आणि त्यांच्यामधे दोऱ्या ताणल्या. म्हणजे दर आठ इंच उंचीला प्रत्येक तोंड एक इंच आत जातं. पहिल्या वेळी मी ओळंबा लावून दोन्ही तोंडं अगदी सरळ उभी चढवली होती आणि त्याचं मला कौतुक वाटत होतं. विटांच्या भिंतीला ते बरोबर आहे. गडग्याला दोन्ही बाजूंनी आत रेललेलं असावं लागतं, म्हणजे बसताना तो स्वतःच्या अंगावर बसतो. दोरी थराथराने वर घ्यायची आणि दगड दोरीला टेकू द्यायचा नाही, केसभर आत ठेवायचा, एक दगड दोरीला टेकला की दोरी बाहेर जाते आणि पाठोपाठ सगळी भिंत.

दगड बसवण्याचं असं आहे की तो हातात धरून चारी बाजूंनी फिरवून बघायचा आणि बसला की वर हात ठेवून हलवायचा. डुगडुगला तर आत्ताच सोडवायचं, पुढचा थर त्याला दाबेल असं म्हणून सोडून द्यायचं नाही. दाबत नाही, उलट वरचा पण डुगडुगतो. दगडाचा माथा किंचित आत उतरता असेल तर उत्तम, बाहेर उतरता असेल तर वरचा दगड कधी ना कधी घसरणार. कमीत कमी फोडायचं. काका दिवसात दोनदा-तीनदा हातोडा उचलायचे, मी सुरुवातीला प्रत्येक दगडाला ठोकत बसले होते. सरावाचा माणूस दिवसात दोन-तीन मीटर लांबी उभी करतो, आम्हाला ९ फुटांना पाच दिवस लागले आणि त्यातला निम्मा वेळ पोट भरण्यात गेला.

शेवटी माथ्याचे दगड, जड, उभे, पुस्तकं लावावीत तसे एकाला एक खेटून, आणि शेवटच्या फटीत घट्ट पाचर. ते नुसते शोभेला नसतात, त्यांच्या वजनाने खालचा पातळ थर जागेवर राहतो, आणि कोणी भिंतीवर चढलं तरी दगड निघत नाहीत.

मला बरेच जण म्हणाले एवढं कशाला, सिमेंट लाव आणि मोकळी हो. सिमेंटची दगडी भिंत वाईट असते असं मी म्हणणार नाही, तिची कामं वेगळी आहेत, पण मग तिला काँक्रीटचा ठाम पाया लागतो, माती अडवायची असेल तर पाणी जायला खाली भोकं ठेवावी लागतात, आणि मऊ दगडाला कडक सिमेंट लावलं तर ओल बाहेर पडायला दगडातूनच वाट शोधते आणि दगडच झिजतो. तिथे चुना बरा, तो दगडापेक्षा मऊ असतो, आधी तो झिजतो, आणि दर्जा, म्हणजे दगडांमधल्या भरलेल्या फटी, पुन्हा भरता येतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पडलेली सिमेंटची भिंत हा राडारोडा असतो. माझा पडलेला गडगा हा दगडांचा ढीग होता, त्यातला एकही दगड वाया गेला नाही, तेच सगळे परत लागले.

या पडझडीनंतर वाचत बसले तेव्हा कळलं की कोरड्या दगडी भिंती रचण्याची ही कला युनेस्कोने २०१८ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड अशा आठ देशांची मिळून, आणि २०२४ मधे आयर्लंड, बेल्जियम वगैरे आणखी पाच देश त्यात आले. भिंती नाही हं, भिंती रचण्याचं ज्ञान. मला ते वाचून फार बरं वाटलं कारण काकांच्या हातात जे आहे ते नेमकं हेच आहे. आणि ग्रेट झिम्बाब्वेचे, म्हणजे आफ्रिकेतल्या एका जुन्या दगडी शहराच्या अवशेषांचे, फोटो जरूर बघा, तिथल्या मोठ्या आवाराची बाहेरची भिंत साधारण २५० मीटर फेऱ्याची आणि काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे, ग्रॅनाइटचे तुकडे रचून केलेली, मधे कसलाही चुना नाही. शेकडो वर्षं झाली. मी तो फोटो मोठा करून करून सांधे बघत बसले होते.

नवीन ९ फुटांच्या मागचा वाफा मी काढून टाकला, फुलझाडं दुसरीकडे हलवली. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले. भिंत साधारण बोटभर बसली, सगळीकडे सारखी, माथ्याची ओळ अजून सरळ आहे. आरपार दगडांची टोकं दोन्हीकडून इंचभर बाहेर आली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली, एका टोकावर सरडा येऊन बसतो उन्हाला.

जुने १६ फूट अजून उभे आहेत. दिसायला नव्यापेक्षा छान आहेत खरं तर, लांब लांब सपाट दगड, ओळंब्याने चढवलेली सरळ तोंडं, येणारा प्रत्येक जण त्याच बाजूचं कौतुक करतो. घरचे म्हणतात पडली नाहीये तर हात कशाला लावतेस. पण आत माती आहे हे मला माहितीये आणि पलीकडून मुलं खेळताना तिला पाठ टेकून बसतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "तुझी तू काढ आता, मी नुसता बसून बघतो." शनिवारी सकाळी लवकर सुरुवात करतेय, माथ्याचे दगड आधी.